टूल बदलण्याआधी: ऑफिसमधली ॲप्स जोडताना नेमकं कुठे बिघडतं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. टीम छोटी आहे. वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म आहे. तो भरला की माहिती गूगल शीटमध्ये येते, तिथून सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कॉन्टॅक्ट तयार होतो, स्लॅक या ऑफिसच्या मेसेजिंग ॲपवरच्या सेल्सच्या चॅनलवर मेसेज पडतो आणि व्यवहार पक्का झाला की बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इन्व्हॉइस बनतं. हे सगळं झॅपिअर या ॲप्स जोडणाऱ्या टूलवर जोडलंय. सुरुवातीला छान चाललं. मग सीआरएममध्ये एकाच ग्राहकाच्या तीन-तीन नोंदी दिसायला लागल्या. पुढे एक दिवस सगळंच बंद पडलं आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत बऱ्याच चौकश्या तशाच पडून राहिल्या. आता मेक किंवा एन८एन अशा दुसऱ्या टूलवर जावं का, की सरळ प्रोग्रामरकडून लिहून घ्यावं?

सध्या कुठेच जाऊ नका. हे दोन्ही बिघाड तुमच्या मागोमाग नव्या टूलवरही येतील, कारण ते झॅपिअरचे नाहीत, जोडणीच्या आखणीचे आहेत. या टूल्समध्ये चौकोन आणि बाण ओढून वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची साखळी, काढणं फार सोपं असतं, पण त्या चित्रात सगळं सुरळीत झालं तर काय होईल एवढंच दिसतं. एकच गोष्ट दोनदा आली तर? आलीच नाही तर? अर्ध्या वाटेत तुटली तर? मेहनत खरी इथे लागते, आणि ती कोणतंही टूल तुमच्या वतीने घेत नाही.

आधी त्या तीन नोंदी बघू. झॅपिअरमध्ये गूगल शीटसाठी दोन मिळतेजुळते ट्रिगर, म्हणजे वर्कफ्लो सुरू करणाऱ्या घटना, आहेत. एक फक्त नवीन ओळ आली की चालतो. दुसरा नवीन ओळ आली किंवा असलेली ओळ बदलली, तरी चालतो. तुमच्याकडे दुसरा लावला असावा अशी मला दाट शंका आहे. मग काय होतं बघा. ग्राहकाने फॉर्म भरला, ओळ आली, कॉन्टॅक्ट बनला. सेल्समधल्या कुणीतरी शीट उघडून फोन नंबरमधला चुकलेला आकडा दुरुस्त केला. ओळ बदलली, दुसरा कॉन्टॅक्ट. संध्याकाळी कुणी शेरा लिहिला, ‘उद्या परत फोन करायचा’. ओळ परत बदलली, तिसरा कॉन्टॅक्ट. टूलने सांगितलं तेच केलंय. ट्रिगर बदलण्याआधी त्याची हिस्टरी उघडा आणि त्या तीन रनमध्ये (वर्कफ्लो एकदा चालला की एक रन) ट्रिगरकडून आलेली माहिती शेजारी-शेजारी ठेवून बघा. फरक फक्त शेऱ्याच्या किंवा फोनच्या रकान्यात असेल, तर निदान झालं.

पण एवढ्यावर थांबलात तर दुहेरी नोंदी कमी होतील, संपणार नाहीत. कारण वेबहुकने येणारी माहिती (काही घडताच एक ॲप दुसऱ्याच्या वेब पत्त्यावर आपणहून पाठवतं ती) एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकते, आणि हा दोष नसून तशी रीतच आहे. पाठवणाऱ्या सिस्टिमला वेळेत ‘मिळालं’ असं उत्तर आलं नाही, तर ती परत पाठवते. तुमच्याकडे पहिल्या वेळी काम पूर्ण होऊन फक्त उत्तर द्यायला उशीर झाला असेल, तरी तिला ते कळायला मार्ग नाही. स्लॅक आपल्या इव्हेंटला, म्हणजे घडामोडीच्या सूचनेला, ३ सेकंदांत पोच मागतं, नाही मिळाली तर आणखी तीनदा प्रयत्न करतं. ऑनलाइन पैसे घेणारं स्ट्राइप, पेमेंटची सूचना पोचली नाही तर, ३ दिवसांपर्यंत परत परत पाठवत राहतं, आणि एकच सूचना दोनदा येऊ शकते, क्रमही मागेपुढे होऊ शकतो, हे त्यांनी कागदपत्रांत सांगून ठेवलंय. प्रोग्रामर कोड ठेवतात ते गिटहब याच्या अगदी उलट. १० सेकंदांत उत्तर आलं नाही तर ती डिलिव्हरी फेल म्हणून नोंदवतं आणि आपणहून परत पाठवत नाही. म्हणजे एकीकडे दोनदा येण्याची तयारी ठेवायची, दुसरीकडे हुकलेलं शोधून काढायची. जोडायच्या प्रत्येक ॲपबद्दल ही एक गोष्ट आधी वाचून घ्या. बाकीचं डॉक्युमेंटेशन नंतर वाचलं तरी चालेल.

उपाय जुना आणि साधा आहे: तीच माहिती कितीही वेळा आली तरी परिणाम एकदाच व्हायला हवा. त्यासाठी प्रत्येक चौकशीला जन्मतःच एक ओळख क्रमांक लागतो. बहुतेक फॉर्म सॉफ्टवेअर सबमिशनला असा आयडी देतात, तोच शेवटपर्यंत वाहून न्या. शीटमध्ये त्याचा वेगळा रकाना, सीआरएममध्ये वेगळं फील्ड, इन्व्हॉइसच्या संदर्भातही तोच. आणि ‘कॉन्टॅक्ट तयार करा’ ही पायरी कुठेही उघडी ठेवू नका. तिच्या जागी ‘शोधा, सापडला तर अपडेट करा, नाही सापडला तर तयार करा’ ही पायरी हवी. झॅपिअरमध्ये शोधण्याच्या पायरीतच ‘न सापडल्यास तयार करा’ असा पर्याय मिळतो. मेक आणि एन८एनमध्येही बऱ्याच ॲप्ससाठी अशी तयार क्रिया आहे, नसेल तर शोध आणि फाटा (सापडला तर एक वाट, नाही तर दुसरी) असं दोन पायऱ्यांत करावं लागतं.

शोधायचं कशावरून, हा उपप्रश्न लहान वाटतो पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नावावरून कधीच नको. ईमेलवरून शोधत असाल तर शोधण्याआधी मागचापुढचा स्पेस काढा आणि सगळी अक्षरं लहान करा. मोबाइलवरून फॉर्म भरताना कीबोर्ड बऱ्याचदा पहिलं अक्षर मोठं करतो आणि ईमेल सुचवताना शेवटी एक स्पेस सोडतो. डोळ्यांना दोन्ही पत्ते सारखेच दिसतात, शोधणाऱ्या पायरीला ते वेगळे वाटू शकतात. फोन नंबरवरून शोधणार असाल तर सगळे नंबर एकाच साच्यात आणा: अधिकचं चिन्ह, देशाचा कोड, मग नंबर, मध्ये स्पेस नाही, डॅश नाही. आंतरराष्ट्रीय प्रमाणात असा नंबर जास्तीत जास्त १५ अंकी असतो, त्यामुळे त्याहून लांब काही आलं तर ते तिथेच अडवता येतं. ही साफसफाई ट्रिगरनंतरची पहिली पायरी म्हणून एकदाच करायची. प्रत्येक पायरीत थोडी थोडी केली की सहा महिन्यांनी कुठे काय केलंय ते कुणालाच सांगता येत नाही.

इतकं करूनही एक फट उरते. ग्राहकाने सबमिटचं बटण घाईत दोनदा दाबलं, एकाच सेकंदात दोन रन सुरू झाले. दोघांनी शोधलं, दोघांना कॉन्टॅक्ट सापडला नाही, दोघांनी तयार केला. इथे वर्कफ्लोतली हुशारी कामाला येत नाही. शेवटचा पहारा जिथे माहिती साठते तिथेच हवा. सीआरएममध्ये एखादं फील्ड ‘एकमेव’ ठरवता येत असेल तर ते करा, म्हणजे दुसऱ्या नोंदीला सीआरएमच नकार देईल. हबस्पॉटसारखी काही सीआरएम ईमेलवरून हे मुळातच करतात. मेकमध्ये रन एकामागून एक चालवण्याची सेटिंग आहे. तिने वेग कमी होतो, पण चौकशीच्या फॉर्मला एवढा वेग लागतो कुणाला?

आता दुसरा बिघाड, गुपचूप बंद पडण्याचा. मला विचाराल तर हा दुहेरी नोंदींपेक्षा जास्त गंभीर आहे. दुहेरी नोंद निदान दिसते तरी.

बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे जोडणीची परवानगी संपणे. तुम्ही ‘गूगलने साइन इन करा’ म्हणता तेव्हा टूलला तुमचा पासवर्ड मिळत नाही, टोकन, म्हणजे परवानगीची डिजिटल चिठ्ठी, मिळतं. ही ओऑथची पद्धत, तिची आजची आवृत्ती २०१२ची. ते टोकन बऱ्याच कारणांनी मरतं. कुणी पासवर्ड बदलला, आणि परवानगीत जीमेल असेल, तर गूगलचं रिफ्रेश टोकन (परवानगी परत परत नवी करून घेणारं) रद्द होतं. सहा महिने वापरलंच नाही तरी रद्द होतं. एन८एन स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांना आणखी एक नेहमी चावणारी गोष्ट: गूगलच्या कन्सोलमध्ये स्वतःचं ॲप बनवून ते ‘टेस्टिंग’ अवस्थेतच ठेवलं, तर टोकन ७ दिवसांत संपतं. दर आठवड्याला त्याच वारी जोडणी तुटत असेल तर दुसरीकडे शोधू नका, हेच असतं. आणि सगळ्यात वाईट कारण म्हणजे जोडणी एखाद्या माणसाच्या स्वतःच्या अकाउंटने केलेली असणे. तो नोकरी सोडतो, आयटीवाले शिस्तीत त्याचं अकाउंट बंद करतात, आणि त्याच्या अकाउंटवर उभे असलेले सगळे वर्कफ्लो त्याच दिवशी संपतात. कामासाठी वेगळं अकाउंट ठेवा, लागेल तेवढीच परवानगी द्या, आणि त्याचा मेल किमान दोघांना जाईल असं बघा.

दुसरं कारण म्हणजे रकान्याचं नाव. कुणीतरी शीटमध्ये ‘फोन’चं ‘मोबाइल’ केलं, किंवा मध्येच एक रकाना घातला, की पुढची पायरी रिकामी माहिती उचलते. गंमत अशी की यात बऱ्याचदा एररही येत नाही. रिकामा फोन नंबर घेऊन वर्कफ्लो हिरवी खूण दाखवत चालत राहतो. म्हणून पहिल्या साफसफाईच्या पायरीतच तपासणी घाला: ईमेल आणि फोन दोन्ही रिकामे असतील तर पुढे जायचं नाही, ती नोंद ‘बघायचं आहे’ अशा वेगळ्या यादीत टाकायची.

सूचना येतात की, असं म्हणाल. येतात, पण साधारणपणे ज्याने वर्कफ्लो बनवला त्याच्या मेलबॉक्समध्ये, इतर शंभर मेलमध्ये. मेकमध्ये लागोपाठ एरर येत राहिल्या की सिनॅरिओ (तिथलं वर्कफ्लोचं नाव) आपोआप बंद होतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये रनची हिस्टरी २८ दिवसच राहते, त्यामुळे महिन्याभराने शोधायला गेलात तर पुरावाच नसतो. एन८एनमध्ये एरर ट्रिगर वापरून सगळ्या वर्कफ्लोंचे बिघाड एका जागी आणता येतात, ते पहिल्याच दिवशी लावून टाका.

पण एररच्या सूचनेत एक मूळचा आंधळेपणा आहे. रन फेल झाला तर ती येते, रन झालाच नाही तर येत नाही. ट्रिगरच सुटला नसेल तर एरर कुणाला देणार? तुमच्याकडे बहुधा हेच झालंय. म्हणून एक स्वतंत्र छोटा वर्कफ्लो करा, जो रोज सकाळी ठरलेल्या वेळी चालतो, आदल्या दिवशी फॉर्ममध्ये किती सबमिशन आली आणि सीआरएममध्ये त्या आयडींचे किती कॉन्टॅक्ट आहेत हे मोजतो आणि स्लॅकवर एक ओळ टाकतो: ‘काल चौकश्या १४, कॉन्टॅक्ट १४’. मोजणी शीटवरून नको, फॉर्मच्या मूळ नोंदीवरून करा, नाहीतर फॉर्म आणि शीटमधला तुटलेला धागा दिसणारच नाही. आकडे जुळले तरी ही ओळ आलीच पाहिजे. फक्त गडबड झाली तरच बोलणारा पहारेकरी गप्प असेल, तर सगळं ठीक आहे की तोच झोपलाय हे कळत नाही. रोजची ओळ एक दिवस आली नाही की कुणीतरी विचारतंच, ‘आज आकडा नाही आला?’

आता शीटबद्दल. तुमच्या साखळीत गूगल शीट मधोमध बसलीय आणि ती तिथे का आहे असा माझा प्रश्न आहे. फॉर्मपासून थेट सीआरएमला जाता येत असेल तर जा, आणि शीटमध्ये फक्त एक प्रत टाका, जी बघायची, वाचायची, पण जिच्यावर काहीच चालत नाही. शीट मधोमध ठेवली की कुणीही ती क्रमवारीने लावतो, फिल्टर करतो, मधली ओळ उडवतो, आणि ट्रिगरचा हिशेब बिघडतो. शिवाय शीट हुशारी करते. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरचं शून्य खाते. ‘३-४’ असं काही इंग्रजी आकड्यांत लिहिलं की त्याची तारीख करते. अशा स्प्रेडशीटच्या हुशारीला कंटाळून मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली, कारण एक्सेल त्यांना सप्टेंबर आणि मार्चच्या तारखा समजत होतं. तुमच्या हातात एवढंच आहे की माहिती शीटमध्ये लिहिताना ‘जशीच्या तशी’ लिहिण्याचा पर्याय निवडायचा आणि फोनचा रकाना आधीच साध्या मजकुराचा करून ठेवायचा.

तारखा आल्याच आहेत तर तेही. सगळ्या पायऱ्यांमधून वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत), वर्ष-महिना-दिवस या क्रमाने न्या, आणि माणसाला दाखवायच्या शेवटच्या क्षणी स्थानिक वेळ करा. टूलच्या अकाउंटचा टाइमझोन आणि शीटचा टाइमझोन वेगवेगळा असू शकतो. रात्री उशिराची चौकशी भलत्याच दिवसात मोजली जात असेल तर तिथे बघा. सकाळच्या मोजणीत एकाचा फरक पडत राहिला तरीही हेच पहिलं तपासा.

यापुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण बिलिंग जोडलंय म्हणून सांगतो. कोणती माहिती कोणत्या ॲपच्या मालकीची, हे एका कागदावर लिहा. ग्राहकाचा फोन आणि ईमेल सीआरएमच्या मालकीचा. इन्व्हॉइसचा क्रमांक, रक्कम, पैसे आले की नाही, हे बिलिंगच्या मालकीचं. मालकाकडून इतरांकडे माहिती जाते, उलट येत नाही. सेल्सवाल्यांना सीआरएममध्ये ‘पैसे आले’ दिसायला हवं असेल तर ते फील्ड तिथे दिसू दे, पण हाताने बदलता येणार नाही असं करा. दोन्ही बाजूंनी सिंक ऐकायला छान वाटतं, पण सीआरएममधल्या बदलाने बिलिंग बदलतं, बिलिंगमधल्या बदलाने सीआरएम, आणि दोघं एकमेकांना उठवत रात्रभर चालतात. टूलवरचा महिन्याचा कोटा सकाळपर्यंत संपलेला असतो. अगदीच गरज असेल तर प्रत्येक नोंदीवर ‘शेवटचा बदल कुणी केला’ असं फील्ड ठेवा, बदल वर्कफ्लोच्याच अकाउंटने केलेला असेल तर ट्रिगरनंतर लगेच थांबा, आणि फील्डमधली नवी माहिती जुन्यासारखीच असेल तर लिहूच नका. तरीसुद्धा, टाळता आलं तर टाळाच.

पायऱ्यांच्या क्रमाचंही तसंच. जे परत घेता येत नाही ते शेवटी. सीआरएममधली नोंद पुसता येते, ग्राहकाला गेलेला मेल परत येत नाही. स्लॅकचा मेसेज आधी आणि कॉन्टॅक्ट नंतर असा क्रम असेल, आणि कॉन्टॅक्टची पायरी फेल झाली, तर सेल्सवाला मेसेज बघून सीआरएममध्ये शोधतो आणि तिथे काहीच नसतं. तो हाताने नोंद करतो. तासाभराने तुम्ही फेल झालेला रन परत चालवता. परत दुहेरी नोंद! काही टूल्स फेल झालेल्या पायरीपासून पुढे चालवतात, काही ठिकाणी पहिल्यापासून चालवणंही निवडता येतं. परत चालवण्याचं बटण दाबण्याआधी आपल्याकडे काय होणार ते माहीत हवं.

जुना डेटा चढवण्याच्या दिवशी विशेष सांभाळा. बहुतेक एपीआयना (एका ॲपने दुसऱ्याशी बोलायच्या दारांना) वेगाची मर्यादा असते, ती ओलांडली की साधारणपणे ४२९ क्रमांकाचं उत्तर येतं. एअरटेबल हे ऑनलाइन डेटाबेसचं ॲप एका बेसला (एका डेटाबेसला) सेकंदाला ५ विनंत्या घेतं, त्याहून जास्त झाल्या की ३० सेकंद थांबायला लावतं. गूगल शीटच्या एपीआयला एका वापरकर्त्यामागे मिनिटाला ६० वाचन आणि ६० लेखन. स्लॅकला एका चॅनलवर साधारण सेकंदाला एक मेसेज. म्हणजे एकेक ओळ लिहीत हजार ओळी शीटमध्ये टाकायच्या तर साधारण सतरा मिनिटं लागणारच, मग टूल कोणतंही असो. ओळी गठ्ठ्याने लिहा, आणि ४२९ आलं तर उत्तरात ‘किती वेळाने या’ असं सांगितलेलं असेल तर तेवढं थांबा, नसेल तर थांबण्याचा वेळ दर वेळी दुप्पट करत जा. पण वेगापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे: सीआरएममध्ये जुने हजार ग्राहक आले की ‘नवीन कॉन्टॅक्ट’ ट्रिगरवर उभे असलेले सगळे वर्कफ्लो जागे होतात आणि वर्षानुवर्षांच्या ग्राहकांना ‘आपलं स्वागत आहे’ असा मेल जातो. आयातीआधी ते बंद करा. आणि परत चालू करताना ते साचलेल्या नोंदी उचलणार की फक्त नवीन, हे एका खोट्या नोंदीवर बघून घ्या.

वेबहुकच्या पत्त्याबद्दल एकच गोष्ट. तो पत्ता ज्याला माहीत आहे तो त्यावर काहीही पाठवू शकतो. पाठवणारं ॲप डिजिटल सही जोडत असेल, जशी स्ट्राइप आणि गिटहब जोडतात, तर ती तपासा. जोडत नसेल तर निदान एक गुप्त शब्द हेडरमध्ये (माहितीसोबत येणाऱ्या तपशिलात) मागा. आणि वर्कफ्लोचा स्क्रीनशॉट कुणाला पाठवताना तो पत्ता झाका.

आता टूलचा प्रश्न, जो तुम्ही पहिला विचारला होता. माझ्या मते त्याचं उत्तर पैसे कसे मोजतात यावर आहे, कारण करता तर सगळ्यांत जवळपास सगळं येतं. झॅपिअर प्रत्येक यशस्वी क्रियेचा एक टास्क धरतं, ट्रिगर आणि फिल्टर फुकट. मेक प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे पायरी, चालण्याचे मोजतं, आणि ट्रिगर नवीन काही आहे का बघायला गेला आणि रिकाम्या हाताने आला तरी तेही मोजतं. दर १५ मिनिटांनी बघणारा सिनॅरिओ महिन्याला २,८८० वेळा नुसता डोकावतो. एन८एनच्या क्लाउडवर पूर्ण रनचा एक हिशेब, आत पायऱ्या कितीही असोत. तुमच्यासारखी साखळी, म्हणजे ट्रिगर आणि चार क्रिया, महिन्याला हजार वेळा चालली तर झॅपिअरवर ४,००० टास्क, मेकवर वेबहुकने सुरू केली तरी साधारण ५,००० क्रेडिट आणि एन८एनवर १,००० रन. युनिटची किंमत प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे आपले आकडे त्यांच्या त्या वेळच्या दरपत्रकात घालून बघा. पायऱ्या कमी आणि टीममध्ये तांत्रिक माणूस नाही, तर झॅपिअर बरं. फाटे, लूप, याद्यांची उलटापालट खूप असेल तर मेकमध्ये ते डोळ्यांना दिसतं, आणि एकदा ते बघायची सवय झाली की झॅपिअर अडचणीचं वाटायला लागतं. सगळं ऑफिस मायक्रोसॉफ्ट ३६५वर असेल तर पॉवर ऑटोमेटपासूनच सुरुवात करा, नेहमीचे कनेक्टर (ॲप्स जोडणारे तयार दुवे) बहुतेक प्लॅनमध्ये येतात. मात्र बाहेरच्या एखाद्या एपीआयला थेट बोलायचं झालं की प्रीमियम लायसन्स लागतं, हे आधी कळलेलं बरं. आणि टीममध्ये कुणी सर्व्हर सांभाळणारं असेल तर एन८एन स्वतःकडे चालवा, अंतर्गत वापराला सोर्स मोफत उपलब्ध आहे. पण ‘मोफत’ म्हणताना बॅकअप, अपडेट आणि रात्री सर्व्हर बंद पडला तर उठणारा माणूस हे धरा. विशेष म्हणजे त्याची एन्क्रिप्शन की, म्हणजे साठवलेली गुपितं उघडणारी किल्ली, वेगळी जपून ठेवा. डेटाबेसचा बॅकअप आहे पण की हरवली, तर वर्कफ्लो परत येतात आणि साठवलेले पासवर्ड व टोकन एकही वाचता येत नाही. सगळ्या जोडण्या एकेक करून नव्याने कराव्या लागतात.

ट्रिगरच्या वेगावरूनही निर्णय बदलतो. झॅपिअरच्या फुकट प्लॅनमध्ये डोकावून बघणारे ट्रिगर १५ मिनिटांनी चालतात, प्रोफेशनल प्लॅनमध्ये २ मिनिटांनी, टीम नावाच्या प्लॅनमध्ये १ मिनिटाने. ॲपचा तयार ट्रिगरच वेबहुकने चालणारा असेल तर प्लॅन कोणताही असो, लगेच. निव्वळ वेगासाठी वरचा प्लॅन घेणार असाल तर आधी बघा की तुमचा फॉर्म वेबहुक देतो का.

आणि ही टूल्सही बदलतात. असंच एक टूल, याहू पाइप्स, २००७ मध्ये आलं आणि २०१५ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्ट फ्लोचं २०१९ मध्ये पॉवर ऑटोमेट झालं, इंटिग्रोमॅटचं २०२२ मध्ये मेक. नाव बदललं तर काही बिघडत नाही, पण तुमचा वर्कफ्लो काय करतो हे फक्त त्या टूलच्या आतच लिहिलेलं असेल तर तुम्ही त्याच्याशी बांधलेले राहता. प्रत्येक वर्कफ्लोमागे अर्धं पान साध्या भाषेत लिहून ठेवा: कशाने सुरू होतो, काय वाचतो, कुठे लिहितो, कोणत्या अकाउंटने, बिघडला तर कुणाला कळवायचं आणि तोवर हाताने काय करायचं. शेवटचं वाक्य लोक गाळतात, आणि बंद पडल्याच्या दिवशी नेमकं तेच हवं असतं.

प्रोग्रामर कधी? वर्कफ्लोत कोडच्या पायऱ्या बाकीच्या पायऱ्यांपेक्षा जास्त झाल्या, किंवा एका रनमध्ये हजारो नोंदी जायला लागल्या, किंवा एखादी चूक झाली तर थेट पैसे जातील अशी जागा आली, की कोड लिहून घेणं स्वस्त पडतं. कारण कोडला आवृत्त्या असतात, चाचण्या असतात, काल कुणी काय बदललं ते दिसतं. मधला मार्ग म्हणून गूगल ॲप्स स्क्रिप्ट (गूगलच्या ॲप्ससाठी छोटा कोड लिहायची सोय) बरी, मात्र तिचा एक रन ६ मिनिटांत तोडला जातो. तुम्ही अजून त्या टप्प्यावर नाही.

हल्ली प्रत्येक टूल एआयची पायरी घाला म्हणून मागे लागतं. तुमच्याकडे तिची एकच जागा दिसते: चौकशीतला मोकळा मजकूर वाचून ‘विक्री’, ‘तक्रार’, ‘नोकरीची विचारणा’, ‘स्पॅम’, ‘कळत नाही’ यांपैकी एक शिक्का मारणं. पर्याय बांधून द्या, आणि त्याबाहेरचं उत्तर आलं तर ते ‘कळत नाही’मध्ये टाका. फॉर्ममध्ये लिहिणारा माणूस अनोळखी असतो, तो त्या मजकुरात एआयसाठी सूचनाही लिहू शकतो. म्हणून त्या पायरीच्या उत्तरावरून मेल पाठवणं, नोंद पुसणं, सवलत देणं असं काहीही आपोआप होऊ देऊ नका. ईमेल, रक्कम, तारीख यांची तुलना साध्या अटीने होते तिथे एआय घालायचं काही कारण नाही.

तर तुमच्यापुरता क्रम असा. आजच सीआरएममध्ये जाणारा वर्कफ्लो थांबवा, तोवर येणाऱ्या चौकश्या कुणीतरी हाताने भरेल. दुहेरी नोंदी एकत्र करा, पण त्याआधी सीआरएमचं एक्सपोर्ट काढून ठेवा, कारण एकत्र केलेलं सोडवता येईलच असं नाही. मग सबमिशन आयडीचं फील्ड, साफसफाईची पायरी, ‘शोधा किंवा तयार करा’. एकच फॉर्म मुद्दाम दोनदा पाठवा, एकदा ईमेल मोठ्या अक्षरात, एकदा शेवटी स्पेस सोडून. कॉन्टॅक्ट एकच राहिला तर पुढे. मग सगळ्या जोडण्या कामाच्या अकाउंटवर हलवा आणि सकाळची मोजणी लावा. ती चालते की नाही हे बघायला मुख्य वर्कफ्लो एक दिवस मुद्दाम बंद ठेवा आणि ओळीत फरक दिसतो का ते बघा. बिलिंग सगळ्यात शेवटी जोडा, आणि एक पूर्ण बिलिंगचा महिना होईपर्यंत वर्कफ्लोने फक्त मसुदा इन्व्हॉइस बनवावं. पाठवायचं बटण हिशेब बघणाऱ्या माणसाकडेच राहू दे.